‘हरवलेले जग’ आणि हरवलेली वस्ती : कोमोडोविषयक तीन इंग्रजी प्रवासग्रंथांचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

इंडोनेशियाच्या पूर्व भागात सुम्बावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांच्या मधल्या समुद्रात कोमोडो, रिंचा, गिली मोतांग, नुसा कोडे अशी काही लहान, कोरडी, डोंगराळ बेटे आहेत. ही बेटे आणि फ्लोरेसच्या पश्चिम व उत्तर किनाऱ्यावरील काही पट्टे सोडल्यास जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही निसर्गतः न आढळणारी एक महाकाय घोरपड तेथे राहते. तिची लांबी तीन मीटरपर्यंत भरते. व्हॅरॅनस कोमोडोएन्सिस हे तिचे शास्त्रीय नाव. जग तिला ‘कोमोडो ड्रॅगन’ म्हणून ओळखते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये या प्रजातीची वर्गवारी ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. त्या वेळच्या अंदाजानुसार प्रजननक्षम प्रौढ प्राण्यांची संख्या १,३८३ एवढीच होती. हवामानबदल आणि समुद्राची वाढती पातळी यांमुळे येत्या ४५ वर्षांत तिचा योग्य अधिवास किमान ३० टक्क्यांनी घटेल, असेही तेव्हा नोंदविले गेले.

या प्राण्याविषयी शास्त्रीय वाङ्मय विपुल आहे. तथापि सामान्य वाचकाच्या मनातील त्याची प्रतिमा शास्त्रीय निबंधांनी घडविलेली नाही. ती प्रवासग्रंथांनी घडविली. अमेरिकन प्रवासी डब्ल्यू. डग्लस बर्डन यांचे ‘ड्रॅगन लिझर्ड्स ऑफ कोमोडो’ (१९२७), डेव्हिड ॲटनबरो यांचे ‘झू क्वेस्ट फॉर अ ड्रॅगन’ (१९५७) आणि डग्लस ॲडम्स व मार्क कारवर्डीन यांचे ‘लास्ट चान्स टू सी’ (१९९०) ही त्यांतील तीन प्रमुख पुस्तके होत. तिन्ही लेखकांचे स्वभाव भिन्न, काळ भिन्न, हेतूही भिन्न. असे असूनही तिघेही एकाच चौकटीतून बेटाकडे पाहतात. बेट म्हणजे काळाबाहेर राहिलेली भूमी आणि तो प्राणी तिचा एकमेव खरा रहिवासी, अशी ही चौकट आहे. तिच्यात माणसांच्या गावाला जागा उरत नाही. ही चौकट पुस्तकांपुरतीच राहिली असती, तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु २०१९ नंतर तीच शासकीय योजनांची भाषा झालेली दिसते. म्हणून या पुस्तकांचे पुनर्वाचन आवश्यक ठरते.

नावाचा प्रश्न

प्रथम नावाकडे पाहावे लागते. १९१० च्या सुमारास फ्लोरेसवर नेमणुकीस असलेले डच अधिकारी व्हान स्टेन व्हान हेन्सब्रूक यांच्या कानावर कोमोडो बेटावरील विलक्षण प्राण्याच्या हकिकती आल्या. त्यांनी एका प्राण्याचे छायाचित्र व कातडे जावातील बॉइटनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोर, येथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे संचालक पीटर ओवन्स यांच्याकडे पाठविले. ओवन्स यांनी १९१२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘ड्रॅगन’ नाही; कोमोडो बेटावरील एक मोठी घोरपड, एवढाच त्याचा आशय आहे. ‘ड्रॅगन’ ही उपाधी लोकप्रिय करण्याचे श्रेय, किंवा दोष, प्रामुख्याने बर्डन यांच्याकडे जातो.

योगायोग असा की, ओवन्स यांचा निबंध ज्या वर्षी निघाला त्याच १९१२ या वर्षी आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुर्गम पठारावर अजून जिवंत असलेले डायनोसॉर ही तिची कल्पना. पंधरा वर्षांनी बर्डन यांनी आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘डच ईस्ट इंडीजमधील हरवलेल्या जगाकडे मोहीम’ अशा अर्थाची शब्दयोजना केली. कादंबरीतील कल्पना येथे भूगोलावर आरोपित झाली. वास्तविक डच सरकारचे नकाशे, बिमाच्या सुलतानाची सत्ता, मोत्यांचा व मासळीचा व्यापार या सर्वांच्या जाळ्यात हे बेट केव्हाच गुंतलेले होते. बिमाच्या सुलतानाने या प्राण्याला १९१५ मध्येच संरक्षण दिले होते. ज्या प्राण्याच्या रक्षणार्थ राजाज्ञा निघाली आहे, त्याचे जग ‘हरवलेले’ कसे? आणि कोणाच्या दृष्टीने हरवलेले?

स्थानिक लोक या प्राण्याला ‘ओरा’ म्हणतात. मराठी वाचकाला या ठिकाणी एक सोय आहे, जी इंग्रजी वाचकाला नाही. मराठीत ‘घोरपड’ हा जिवंत, घरगुती शब्द आहे. सिंहगडाच्या पोवाड्यातील आणि दंतकथेतील यशवंती घोरपड, घोरपडे हे आडनाव आणि त्यामागची गड चढण्याची आख्यायिका, चिकटून बसणाऱ्या माणसाला दिली जाणारी उपमा, हे सर्व त्या शब्दाभोवती आहे. मराठी मनाला घोरपड हा राक्षस वाटत नाही. ती बांधावर, वारुळापाशी, पडक्या भिंतीत दिसणारी शेजारीण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार हा गुन्हा ठरविला असला, तरी तिच्याविषयीची जवळीक कायद्याच्या कितीतरी आधीची. असे असूनही मराठी वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तके ‘कोमोडो ड्रॅगन’ हाच शब्द जसाच्या तसा उचलतात. ‘कोमोडोची घोरपड’ असे लिहिले, तर प्राणी लहान होत नाही. मात्र त्याच्याभोवतीचे धुके बऱ्याच अंशी विरते.

बर्डन : मोहीम आणि रंगभूमी

बर्डन यांची १९२६ ची मोहीम न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी होती. सोबत पत्नी कॅथरीन, सरीसृपतज्ज्ञ एमेट रीड डन, इंडोचीनमधील फ्रेंच शिकारी देफॉस आणि चित्रीकरणासाठी ली फाय हे चिनी छायाचित्रकार होते. प्रवासासाठी डच वसाहत सरकारने जहाज दिले. मोहिमेने मारलेल्या प्राण्यांचे नमुने नेले आणि दोन जिवंत प्राणीही नेले. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात हे दोन्ही फार काळ जगले नाहीत.

पुस्तक म्हणून बर्डन यांचे लेखन आजही वाचनीय आहे, हे मान्य केले पाहिजे. दातेरी डोंगररेषा, उंच ताडवृक्ष, पिवळे गवत आणि त्यातून सरकत येणारा काळा आकार, ही दृश्ये त्यांनी विलक्षण ताकदीने उभी केली आहेत. परंतु ही ताकद रंगभूमीची आहे. पडदा वर जातो, नेपथ्य उलगडते, प्राचीन प्राणी प्रवेश करतो. रंगमंचावर इतर कोणी असले तर परिणाम बिघडतो. त्यामुळे बेटावरील वस्ती बाजूच्या विंगेत ढकलली जाते. हमाल आहेत, वाटाडे आहेत, सापळे बांधणारे हात आहेत. मात्र त्या हातांना मन आहे आणि त्या मनात या प्राण्याविषयी काही धारणा असेल, ही शक्यता निवेदकाला फारशी स्पर्श करत नाही.

पुस्तकातील दोन प्रसंग या दृष्टीने बोलके आहेत. एकदा कॅथरीन आणि मोठा ओरा अनपेक्षितपणे समोरासमोर येतात आणि देफॉस यांच्या गोळीने प्रसंग निभावतो. दुसऱ्यांदा, मोठ्या कष्टाने फासात अडकविलेला प्रचंड प्राणी रात्रीतून पिंजऱ्याची जाळी फाडून निघून जातो. स्त्री, दुर्गम बेट, आदिम प्राणी, बंदिवास आणि महानगरातील अंत, ही सामग्री बर्डन यांचे मित्र चित्रपटकार मेरियन कूपर यांना सापडली आणि १९३३ मध्ये ‘किंग काँग’ पडद्यावर आला. घोरपडीचे वानर झाले, एवढाच काय तो बदल. बर्डन यांच्या पुस्तकाचे खरे वंशज प्राणिशास्त्रात फारसे आढळत नाहीत. ते चित्रपटगृहात आढळतात.

ॲटनबरो : पाहणाऱ्याला पाहिले जाणे

ॲटनबरो १९५६ मध्ये छायाचित्रकार चार्ल्स लेगस यांच्यासह निघाले, ते बीबीसीच्या मालिकेसाठी. त्यांचा सूर बर्डन यांच्यापेक्षा पुष्कळच नम्र आहे. रस्ता नीट माहीत नसलेला नाखवा, भरकटलेली होडी, कागदपत्रांची अडचण यांविषयी ते स्वतःवर हसत लिहितात. कोमोडोच्या गावप्रमुखाला त्यांच्या कथनात चेहरा आहे, हेही नोंदविले पाहिजे.

त्यांच्या निवेदनातील सर्वांत महत्त्वाचा क्षण म्हणजे आडोशामागे बसून समोरच्या आमिषाकडे डोळे लावले असताना ओरा मागच्या बाजूने येऊन काही पावलांवर उभा राहतो तो. पाहणारा पाहिला जातो. या प्रजातीविषयीच्या इंग्रजी प्रवासलेखनात मोहिमेची मांडणी उलटी होते, असा हा दुर्मीळ क्षण आहे. खेदाची गोष्ट अशी की, ॲटनबरो तो विनोदात संपवतात. त्यातून निघणारा प्रश्न पुढे नेत नाहीत. स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियाच्या शासनाने ओरा देशाबाहेर नेण्यास परवानगी नाकारली आणि ही मंडळी ओराची केवळ चित्रफीत घेऊन परतली. बर्डन यांना वसाहत सरकारने जहाज दिले होते. तीस वर्षांनी नव्या राष्ट्राने नकार दिला. या दोन पुस्तकांमधील हे अंतर कोणत्याही शैलीभेदापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. ॲटनबरो मात्र त्याला प्रवासातील अडथळा यापलीकडे फारसे महत्त्व देत नाहीत.

ॲडम्स : बकरीचे प्रकरण

‘लास्ट चान्स टू सी’ हे पुस्तक १९८९ च्या रेडिओ मालिकेतून निर्माण झाले. विज्ञानविनोदी कादंबऱ्यांनी गाजलेले ॲडम्स आणि प्राणिशास्त्राचे अभ्यासक कारवर्डीन ही जोडी नष्टप्राय प्राण्यांच्या शोधात जगभर फिरली. कोमोडोवरील प्रकरणाचे शीर्षक जुन्या नकाशांशी जोडल्या गेलेल्या ‘येथे ड्रॅगन आहेत’ या वचनाची थट्टा करते आणि ड्रॅगनच्या जागी कोंबड्या बसविते. प्रवासात खाण्यासाठी होडीवर घेतलेल्या जिवंत कोंबड्यांची नजर लेखकाला सतत अस्वस्थ करते. येथे ॲडम्स यांची प्रतिभा दिसते. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचा प्रश्न ते ओरापासून सुरू करत नाहीत. स्वतःच्या ताटापासून सुरू करतात.

प्रकरणाचा गाभा मात्र बकरीत आहे. त्या काळी पर्यटकांसमोर बकरी मारून ओरांना घालण्याचा नेमाचा कार्यक्रम होत असे. आयत्या अन्नावर सुस्तावलेले प्राणी, कॅमेरे सरसावलेले प्रवासी आणि त्या गर्दीत उभा असलेला, स्वतःचीच लाज वाटणारा लेखक, हे दृश्य अत्यंत प्रामाणिकपणे लिहिले आहे. ओरा दुष्ट नाही, तो आपल्या जातीप्रमाणे वागतो; दुष्टपणाची कल्पना माणसाने त्याच्यावर लादली आहे, या निष्कर्षापर्यंत ॲडम्स येतात. तिन्ही लेखकांत ‘ड्रॅगन’ या शब्दाचा पाया खणणारे ते एकटेच. हा कार्यक्रम पुढे १९९० च्या दशकात बंद करण्यात आला.

परंतु ॲडम्सदेखील एका उंबरठ्यावर थांबतात. पर्यटकाची लाज हाच त्यांच्या कथनाचा नैतिक केंद्रबिंदू राहतो. ती बकरी कोणी पाळली, कोणी विकली, त्या व्यवहारावर गावातील किती चुली अवलंबून होत्या, आणि हरणाची शिकार बंद झालेल्या गावाने पोट कसे भरायचे, हे प्रश्न त्यांच्या चौकटीत येत नाहीत. पाश्चात्त्य प्रवाशाचा अपराधभाव हा सहृदय असला, तरी तो प्रवाशाविषयीच असतो.

घाणेरड्या मुखाची कथा

ॲडम्स यांच्या प्रकरणाचा प्रारंभ ऑस्ट्रेलियातील एका विषतज्ज्ञाच्या भेटीने होतो, आणि ओराच्या चाव्याने जखम सडते ही त्या काळची समजूत त्यात येते. या समजुतीचा इतिहास समीक्षकाला उपयोगी आहे. वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९६९-७० मध्ये सुमारे वर्षभर सहकुटुंब कोमोडोवर राहून केलेला अभ्यास १९८१ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्या विषयावरील तो पायाभूत ग्रंथ होय. चाव्याच्या घातकतेचे कारण लाळेतील जीवाणू, हे मत त्यातूनच सर्वत्र पसरले. २००९ मध्ये ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी ओराच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखविले. २०१३ मधील एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयांतील ओरांच्या तोंडात इतर मांसाहारी प्राण्यांहून वेगळे असे काही जीवाणू आढळले नाहीत. विषाचा वाटा नेमका किती आणि दातांच्या जखमेचा किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण जीवाणूंची कथा एवढी वर्षे का टिकली? पुराणांतरीच्या ड्रॅगनचा श्वास दूषित असतो. घाणेरडे मुख त्या प्रतिमेत सहज बसत होते. ज्या गृहीतकाला कथेचा आधार असतो, त्याला पुराव्याची घाई नसते.

‘प्राचीन बेटावर वाढलेला राक्षस’ या प्रतिमेचेही तसेच. स्कॉट हॉकनल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या जीवाश्म-पुराव्यानुसार ही प्रजाती ऑस्ट्रेलियात विकसित होऊन पश्चिमेकडे पसरली. बेटाने तिला महाकाय केले नाही. एका मोठ्या भूमीवरील मोठ्या प्राण्यांपैकी ती शिल्लक राहिली आणि बेट हा तिचा शेवटचा आसरा ठरला.

जुळ्या भावंडांची कथा

तिन्ही पुस्तके मिटून कोमोडो गावाकडे वळले म्हणजे निराळेच कथन सामोरे येते. बेटावरील रहिवासी स्वतःस ‘आता मोडो’ म्हणवितात. डच धर्मोपदेशक व भाषाभ्यासक वेरहाइएन यांनी बेट, लोक आणि भाषा यांवर १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला; तरी इंग्रजी प्रवासलेखनाच्या प्रवाहात या लोकांचे स्वतःचे कथन क्वचितच शिरले.

या कथेची अनेक रूपे आहेत. सर्वश्रुत रूपानुसार पुत्री नागा या नागराजकन्येला जुळी मुले झाली. मुलगा माणूस, त्याचे नाव गेरोंग. मुलगी घोरपड, तिचे नाव ओरा. दोघे वेगळे वाढले. पुढे रानात शिकार करताना गेरोंगने मारलेल्या हरणावर एक घोरपड चालून आली. त्याने भाला उगारला, तोच आई प्रकट झाली आणि म्हणाली की, ही तुझी बहीण आहे, तिला आपल्या बरोबरीची मान. तेव्हापासून गावकरी ओराला भावंड मानतात. शिकारीतील काही वाटा तिच्यासाठी ठेवण्याची पद्धतही या नात्याशी जोडली जाते.

या कथेला भाबडी पर्यावरणनिष्ठा म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. भावंडे एकमेकांना इजाही करतात. २००७ मध्ये याच बेटावर एका लहान मुलाचा ओराच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि गावात भीती नाही असे कोणी म्हणणार नाही. कथेचे महत्त्व तिच्या रचनेत आहे. ‘ड्रॅगन’ या कल्पनेत शेवटी वीर उरतो किंवा राक्षस. दोघांपैकी एकाला जावेच लागते. जुळ्यांच्या कथेत दोघांना एकाच घरात, एकाच हरणावर, वाटा ठरवून राहायचे आहे. संघर्ष तिला मान्य आहे, हकालपट्टी नाही.

‘जुरासिक पार्क’

कोमोडो राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये स्थापन झाले आणि १९९१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. प्राण्याला त्याचा निःसंशय लाभ झाला. पादार बेटावरून हा प्राणी त्याच काळात दिसेनासा झाला होता आणि हरणांच्या चोरट्या शिकारीशी त्याचा संबंध जोडला जातो; हे पाहता संरक्षणाची निकड नाकारता येत नाही. गावावर मात्र शिकारीची, कुत्रे पाळण्याची, जंगल वापरण्याची बंधने आली. गावकरी मासेमारीकडे आणि पुढे पर्यटनाकडे वळले; लाकडात ओरा कोरून विकणे हा आज अनेक घरांचा व्यवसाय आहे.

२०१९ मध्ये पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या तत्कालीन राज्यपालांनी जानेवारी २०२० पासून कोमोडो बेट पर्यटकांसाठी बंद करण्याची आणि तेथील रहिवाशांना अन्यत्र हलविण्याची योजना जाहीर केली. बेट ओरांचे आहे, माणसांचे नव्हे, असा तिचा आशय होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने योजना मागे घेतली. पाठोपाठ रिंचा बेटावर मोठ्या पर्यटन-बांधकामास प्रारंभ झाला. वृत्तपत्रांत आणि लोकांच्या तोंडी तो प्रकल्प ‘जुरासिक पार्क’ या नावानेच ओळखला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये बांधकामाच्या ट्रकसमोर उभ्या राहिलेल्या ओराचे छायाचित्र जगभर गेले. २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने पर्यावरणीय परिणामांचे फेरमूल्यमापन होईपर्यंत कामे थांबविण्यास सांगितले. तरी २०२२ मध्ये केंद्राचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी प्रवेशशुल्क ३७ लाख ५० हजार रुपिया करण्याचा निर्णय लाबुआन बाजो येथील पर्यटन-कामगारांच्या संपानंतर प्रथम पुढे ढकलला गेला आणि अखेर रद्द झाला.

डॉयल यांची कादंबरी, बर्डन यांचे उपशीर्षक, ‘किंग काँग’ आणि मायकेल क्रायटन यांची १९९० ची ‘जुरासिक पार्क’ अशी ही सरळ वंशावळ आहे. क्रायटन यांनी पुढच्या, १९९५ च्या कादंबरीला तर ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हेच नाव दिले. बर्डन यांच्यावर आजच्या शासकीय निर्णयांची जबाबदारी टाकणे अर्थातच अन्यायाचे ठरेल. परंतु ज्या बेटाचे चित्र शतकभर माणसांवाचून रंगविले गेले, तेथून माणसे हलविण्याची कल्पना कोणाला फारशी विचित्र वाटली नाही, यामागे या चित्राचा वाटा आहे.

फ्लोरेस : न लिहिलेले पुस्तक

या चौकटीचे आणखी एक परिणामकारक मौन आहे. उद्यानातील कोमोडो आणि रिंचा या मोठ्या बेटांवरील ओरांची संख्या तुलनेने स्थिर आणि संरक्षित आहे. अधिक चिंता आहे ती फ्लोरेसची. तेथे हा प्राणी बहुतांशी उद्यानाबाहेर, शेते, वणवे, कुत्री आणि बकऱ्यांचे कळप यांच्या सान्निध्यात राहतो. त्याचे क्षेत्र तुकड्यातुकड्यांत विभागले गेले आहे आणि मागील काही दशकांत बरेच आक्रसले आहे. बकरी पळविणारी घोरपड मारायची की सोसायची, हा निर्णय तेथे रोज एखादा शेतकरी घेतो. त्याला अभयारण्याच्या भिंतीपेक्षा गेरोंगच्या भाल्याचा प्रसंग अधिक जवळचा असण्याची शक्यता आहे.

तिन्ही ग्रंथांत फ्लोरेस हे फार तर वाटेवरचे बंदर आहे. तेथे जहाज, होडी, परवाना यांची जुळवाजुळव होते आणि खरी गोष्ट पलीकडच्या बेटावर सुरू होते. हेन्सब्रूक यांच्या कानावर पहिल्या हकिकती आल्या त्या मात्र याच फ्लोरेसवर. रस्ते, गावे, चर्च आणि भातशेती असलेल्या बेटावर ‘हरवलेले जग’ रचता येत नाही. त्यामुळे ज्या ठिकाणी ही घोरपड खरोखर हरवत चालली आहे, त्या ठिकाणाला तिच्या प्रवासवाङ्मयात अद्याप प्रकरणदेखील मिळालेले नाही.